पहिल्या वाट्याची घाई



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मुंबईचे आमचे काही जुने स्नेही रविवारी जेवायला येणार होते. आटगावला आल्यापासून आम्ही त्यांच्यापुढे शेवळांचे इतके गुण गायले होते की आता ती खाऊ घालणे भागच होते. स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींना आम्ही सोमवारीच सांगून ठेवले, "मावशी, पहिला वाटा आमचा. पैशांचं काय ते बघू." मावशी नुसत्या हसल्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी फडक्यात बांधलेली शेवळे आमच्या हातात दिली. बोटाएवढी, पांढुरकी, माती लागलेली. आम्ही विचारले, "एवढी लहान कशी?" तर म्हणाल्या, "अजून वर आलीच नव्हती, फादर. उकरून काढली. तुम्ही सांगितलंत ना."

आम्ही दुप्पट पैसे दिले. पाहुणे जेवले, बोटे चाटली, आणि संध्याकाळच्या लोकलने परत गेले. "तुम्ही सांगितलंत ना" हे शब्द मात्र आमच्यापाशी राहिले.

इथे जन्मलेल्यांना शेवळांची ओळख करून द्यायला नको. पण नोकरीधंद्यासाठी बाहेरून येऊन आपल्या धर्मग्रामात राहिलेली कुटुंबेही आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. शेवळ हे सुरणाच्या जातीतले रानातले झाड. कंद जमिनीखाली झोपलेला असतो. वळवाचा पाऊस पडला, माती ओली झाली, की पानाच्या आधी त्याचा फुलोरा वर येतो. आपण खातो तो हा फुलोरा. त्याला खाज असते, म्हणून बरोबर काकडाची आंबट फळे घालावी लागतात. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी बायका ही भाजी डोंगरातून गोळा करतात आणि पहाटेच्या गाडीने कल्याण, ठाणे, दादरपर्यंत नेतात. फुलोरा खुडला की त्या झाडाला त्या वर्षी बी धरत नाही. म्हणून जाणती माणसे जागेवरची सगळी शेवळे काढत नाहीत, काही तशीच ठेवतात. आणि वर येण्याआधीच उकरायला गेले तर खालच्या कंदाला धक्का लागतो. हे त्या मावशींना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते. तरी त्यांनी उकरले.

आता प्रश्न असा, की आमचे चुकले काय? आम्ही परदेशातून आणलेले फळ मागवले नव्हते. आपल्याच मातीतली, आपल्याच माणसाने आणलेली, हंगामाची भाजी घेतली. भाव पाडला नाही, उलट दुप्पट दिला. मावशींनी स्वखुशीने विकली. आम्ही बरेच दिवस मनाशी हा बचाव घोळवला. ऐकायला तो चांगला आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना खादाडपणावरचा धडा आला की आम्ही विद्यार्थी हसायचो. सहाव्या शतकातले पोप संत ग्रेगरी यांनी खाण्यातल्या दोषाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात घेतले. फार खाणे, फार उंची खाणे, फार चोखंदळपणे खाणे, हावरटासारखे खाणे, हे चार सहज कळतात. पण यादीत आणखी एक आहे: वेळेआधी खाणे. आम्हाला वाटायचे, मठातली घंटा व्हायच्या आत स्वयंपाकघरात शिरणाऱ्या ब्रदरांसाठी हा नियम असावा. त्यात पाप ते कसले! त्या शनिवारी रात्री, फडके सोडताना, हा पाचवा प्रकार आठवला आणि हसू आले नाही.

वेळेआधी खाणाऱ्याला पदार्थ हवा असतो, पण तो पदार्थ ज्या क्रमाने तयार होतो तो क्रम नको असतो. आंबा हवा, पण मार्चमध्ये हवा. मग कुणीतरी कोवळा आंबा उतरवतो आणि रसायनाने पिवळा करतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी त्याविषयी दरवर्षी बोलावे लागते, कारण घाई गिऱ्हाइकाची आहे. आपण विकणाऱ्याला नावे ठेवतो. पण त्याला पैसे देऊन घाई करायला लावणारा हात आपलाच असतो.

जुन्या लोकांना हे कळत होते असे दिसते. पवित्र शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएली लोकांना सांगितले आहे की नवे फळझाड लावले तर तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाला वाहायचे आणि पाचव्या वर्षीपासून आपण खायचे. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांत ऑक्टोबरात आगेराचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या आधी चर्चमध्ये येतात. आपल्या शेजारच्या वारली कुटुंबांत पहिल्या पावसात उगवणारी कोळीची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. धर्म वेगळे, देव्हारे वेगळे, पण पहिला घास उचलण्याआधी हात थांबतो तो सगळीकडे सारखाच. ज्याने थांबायचे ठरवले त्याने हे मान्य केलेले असते की जे उगवले ते आपण उगवलेले नाही. आम्ही मात्र मावशींना "पहिला वाटा आमचा" असे सांगितले होते. वाक्य साधे आहे. पण पहिला वाटा कुणाचा, याचे उत्तर आम्ही विचार न करता देऊन टाकले होते.

इथे आमच्याच धर्मग्रामातल्या एका तरुणाने आम्हाला अडवले. मिस्सा झाल्यावर अंगणात बोलताना तो म्हणाला, "फादर, हंगामाचं खावं हे बोलणं भरल्या पोटाचं आहे. माझ्या आजीला हंगाम म्हणजे काय ते विचारा." त्याचे म्हणणे खोडता येत नाही. आज शहरात रानभाज्यांचे कौतुक आहे, ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, आणि ते चांगलेच आहे. पण ठाकूर आणि कातकरी घरांत टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली हा हौसेचा भाग नव्हता. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी व्हायची आणि नवे भात यायला दिवाळी उजाडायची. त्या मधल्या महिन्यांत रानानेच जगवले. कडू कंद चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवून मग खायचा. एवढा खटाटोप माणूस चवीसाठी करत नाही. त्या आजीला हंगामाची वाट पाहणे हा सद्गुण वाटला नसेल. तिला दुसरा मार्गच नव्हता. आणि आज तिच्या नातवंडांना बारा महिने बटाटा मिळतो याचा आम्हाला आनंदच आहे.

म्हणून हंगामाचे खाणे हे आपोआप पुण्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. थांबण्याला अर्थ येतो तो ज्याला न थांबणे परवडते त्याच्या बाबतीत. आम्हाला परवडत होते. मावशींना थांबणे परवडत नव्हते.

आणि इथेच आमचा शेवटचा बचाव, "त्यांनी स्वखुशीने विकली," हाही कोसळतो. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक लिहिले, 'रेरुम नोव्हारुम'. त्यात मजुरीच्या कराराविषयी एक मुद्दा आहे: गरजेने गांजलेला माणूस कमी मोबदल्याला हो म्हणतो, तेव्हा त्याच्या होकाराने अन्याय पुसला जात नाही, तो एका प्रकारच्या जबरदस्तीचा बळी असतो. आम्ही तर मोबदला जास्त दिला होता. तरी तर्क तोच लागू पडतो. मे महिन्यात आपल्या तालुक्यातल्या पाड्यांवर काय असते ते आपण पाहतो. वीटभट्टीवरून माणसे परतलेली असतात, शेतात काम नसते, विहिरी तळाला गेलेल्या असतात. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते, पुढे भातसाही आली, आणि त्यांच्याच आसपासच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत कुणी "पैशांचं काय ते बघू" म्हणाले तर कंदाला धक्का लागेल म्हणून नाही कोण म्हणेल? त्या मावशींनी आपल्या माणसांची रीत मोडली, आणि ती मोडायला लावण्याएवढे बळ आमच्या खिशात होते.

आणखी एक गोष्ट त्यानंतर आमच्या लक्षात आली, आणि ती लिहिताना थोडी लाज वाटते. पहिल्या वाट्याला दुप्पट देणारे आपण भर हंगामात काय करतो? करवंदे आणि जांभळे जेव्हा टोपल्या भरभरून येतात, तेव्हा पानाच्या द्रोणामागे दोन-पाच रुपये कमी करून घेतो. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल होतो, कालव्याच्या पाण्यावर भेंडी होते. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशातही जाते. पण सगळ्यांची भेंडी एकदम आली की भाव पडतो आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही. नेमकी तेव्हाच आपण म्हणतो, "रोज रोज भेंडी?" चव तर मध्यावरच खरी असते. तेव्हाची करवंदे गोड, तेव्हाच्या वालाच्या शेंगा भरलेल्या. शेतकऱ्याला आणि टोपलीवालीला गिऱ्हाईक हवे असते तेही तेव्हाच. आपली हौस मात्र सुरुवातीला धावते आणि मध्यावर कंटाळते.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात एक छोटा नियम आहे, आम्हाला तो फार आवडतो. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलात तर पोटभर द्राक्षे खा, मात्र भांड्यात घालून नेऊ नका. आनंदाला तिथे मनाई नाही, उलट पोटभर खाण्याची मुभा आहे. शाळेतून येताना जांभळाखाली थांबून जिभा जांभळ्या करणारी आपली मुले हा नियम न वाचताच पाळतात. भांडे घेऊन येतो तो मोठा माणूस.

यंदा आम्ही मावशींना काही सांगितले नाही. मे संपला, पाहुणे येऊन दुधीची भाजी खाऊन गेले, थोडे हिरमुसले. शेवळे आली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, चांगली वीतभर, जांभळट झाक असलेली. आम्ही विचारले, "रानात ठेवलीत ना काही?" मावशी म्हणाल्या, "ठेवतोच की, फादर. पुढच्या साली काय खायचं?" दोन वाटे घेतले, सांगितला तो भाव दिला. घरी आल्यावर पाहिले तर काकडे घ्यायची राहिली होती. चिंच घालून भागवले. रात्री घसा थोडा खाजला.