कुणाचा खट्याळपणा, कुणाची छेड

पुरुषाचं रूप बघायचं नसतं, कर्तृत्व बघायचं असतं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्या आत्या-मावश्यांनीच बहुधा भाचीला सांगून आलेलं एखादं स्थळ ‘मुलगा जरा बुटका वाटला’ म्हणून परत पाठवलेलं असतं. रूप बघितलं जातंच. मुलीच्या बाबतीत हा व्यवहार उघड आणि निर्लज्ज असतो. चालून दाखव, उंची सांग, चष्मा आहे का. पुरुषाचं रूप गुपचूप काम करतं. तो जे करतो त्याला आपण काय नाव द्यायचं, हे ते ठरवतं.

मराठी नाटक-सिनेमातली तीन माणसं शेजारी शेजारी उभी केली की हे लख्ख दिसतं.

पहिले डॉ. काशिनाथ घाणेकर. शिक्षणानं दातांचे डॉक्टर, घारे डोळे, गोरा वर्ण. ‘अश्रूंची झाली फुले’मधला त्यांचा लाल्या काही सज्जन नव्हे. कॉलेजातला दांडगट, मास्तरांना न जुमानणारा पोरगा. पण घाणेकर रंगमंचावर आले की प्रेक्षागृहातल्या मुलीच काय, त्यांच्या आयाही विरघळत. लाल्याचा उद्दामपणा ही त्याची रग ठरली, ऐट ठरली.

दुसरे दादा कोंडके. 1971चा ‘सोंगाड्या’ आठवा. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा, आईचा धाक. पुढच्या सिनेमांत तर त्यांच्या तोंडी अशी वाक्यं आली की सेन्सॉरवाल्यांनी कपाळाला हात लावला. तरी घरचे सगळे एका रांगेत बसून हसले. ध्यानच असं, की याच्या मनात काही असेल असं वाटूच नये. बावळटपणा हा त्या पात्राचा परवाना होता.

तिसरे निळू फुले. ‘एक गाव बारा भानगडी’पासून पडद्यावर आलेले. सावळा रंग, राकट चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे, घोगरा ओढलेला आवाज. त्यांनी नुसती मान वळवून एखाद्या बाईकडे पाहिलं की थिएटरातल्या बायका पदर सावरत. कोंडक्यांचं एखादं वाक्य शब्दही न बदलता फुल्यांच्या तोंडी घालून बघा. हसू मावळेल, अंगावर काटा येईल.

यावर कुणी म्हणेल, भूमिकाच तशा लिहिलेल्या होत्या, चेहऱ्याचा काय दोष? कबूल. पण त्या भूमिका त्या चेहऱ्यांकडे वळल्या कशा? ढेरपोट्या सावकार, काटकुळा मास्तर, पिळदार पैलवान हे साचे आपल्या डोक्यात आधीच तयार असतात. असल्या साच्यांचं शास्त्र करायचा खटाटोपही झाला आहे. अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं हजारो कॉलेजकुमारांचे उघडे फोटो मोजून 1940च्या दशकात माणसांचे तीन प्रकार पाडले. गोल अंगाचा तो खाण्यापिण्यात रमणारा आणि माणसांत मिसळणारा, पिळदार तो धाडसी, सडपातळ तो बुजरा आणि विचारी. स्वभावाचा हा पंचांगी हिशेब विज्ञानात टिकला नाही. त्यातले एक्टोमॉर्फ-मेसोमॉर्फ हे शब्द मात्र आज गल्लीतल्या जिमचा ट्रेनरही तोंडावर फेकतो.

साचा बदलायला माणूस बदलावा लागत नाही, जागा बदलली तरी पुरतं. लक्ष्मीकांत बेर्डे ‘अशी ही बनवाबनवी’सारख्या सिनेमांनी मराठी घराघरांत पोचले, त्यांच्या नावावर इथे सिनेमे चालत. ‘हम आपके हैं कौन’मध्ये तेच बेर्डे घरगडी झाले. इथे ‘आपल्यातला’ वाटणारा चेहरा तिथल्या बंगल्यात नोकराचा ठरला. आणि इथेही त्यांना सगळी मोकळीक कुठे होती? 1992च्या ‘एक होता विदूषक’मध्ये, पु. लं.नी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या सिनेमात, त्यांनी गंभीर काम मन लावून केलं. प्रेक्षक मात्र हसायला आले होते, ते हिरमुसले होऊन गेले.

फुल्यांची गोष्ट याहून बोचरी. हा माणूस राष्ट्र सेवा दलातून घडलेला. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला. पुढे डॉ. श्रीराम लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूनं उभा राहणारा. गावोगावच्या बाया त्यांना बघून बोटं मोडत, हे आता दंतकथेसारखं सांगितलं जातं, आणि सांगताना आपण ते नटाचं यश म्हणून सांगतो. यश ते होतंच. पण अभिनय चांगला होता म्हणून घाणेकरांवर कुणी बोटं मोडली नाहीत.

आता एक अवघड गोष्ट. घारे डोळे, गोरा रंग, सरळ नाक हे आपल्या देखणेपणाचं माप हवेतून पडलेलं नाही. त्याला जातीचा वास आहे. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तल्या जब्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. शाळेतल्या गोऱ्या शालूवर त्याचा जीव आहे, त्याला जीन्स हवी आहे, आणि काळी चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकली की ती वश होते यावर त्याचा विश्वास आहे. स्वतःच्या रूपावर मुलगी भाळेल हा पर्याय त्याच्या हिशेबातच नाही. पुरुषांसाठी वेगळी गोरेपणाची क्रीम बाजारात आली 2005 साली. त्याआधी पोरं बहिणीची ट्यूब चोरून लावत, हे कंपनीला ठाऊक होतं. जाहिरातीही त्यावरच बेतल्या गेल्या.

डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी 1994 साली अमेरिका-कॅनडातले पगार तपासले. दिसायला सामान्याहून उणे मानलेले लोक कमी कमावत होते, आणि हा फटका पुरुषांना बायकांइतकाच, किंबहुना थोडा जास्तच बसत होता. कर्तृत्व बघणाऱ्या आत्या-मावश्यांसाठी ही बातमी आहे.

त्या मानानं पोलीस भरती प्रामाणिक. पुरुषाला उंची 165 सेंटीमीटर, छाती न फुगवता 79, फुगवून आणखी 5. सकाळी उठल्याउठल्या माणूस संध्याकाळपेक्षा जवळजवळ सेंटीमीटरभर उंच असतो, हे भरतीच्या पोरांना डॉक्टरांइतकंच पक्कं माहीत असतं. ज्याची उंची काठावर आहे तो मापाच्या दिवशी फार वेळ उभा राहत नाही, मैदानाच्या कडेला पाठ टेकून घेतो. पट्टीखाली टाच उचलली की शिपाई पायावर काठी टेकवतो. नापास झालास तर किती मिलिमीटरनं, ते तिथे सांगतात तरी. लग्नाच्या बाजारात ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो.

मुली उंच मुलावर भाळतात यात गुन्हा काही नाही. आवड ही कुणी कुणाला देणं लागत नाही, आणि नकार मिळालेल्या पुरुषानं त्याचं भांडवल करून बायकांवर राग धरावा, हा अलीकडचा प्रकार तर मला किळसवाणा वाटतो. माझा आक्षेप आवडीवर नाही, त्यानंतरच्या न्यायनिवाड्यावर आहे. मंजुळेंच्याच ‘सैराट’मधल्या परशासाठी सगळ्या जातींचं थिएटर रडलं. परशा देखणा आहे, क्रिकेट खेळतो, विहिरीत सूर मारतो. त्याचा लंगडणारा मित्र प्रदीप, त्याच्याही मनात कुणी असतं, आणि तेव्हा तेच थिएटर हसतं. मंजुळेंनी हे मुद्दाम ठेवलं असावं, असं मला वाटत आलंय. प्रदीपला नायक केला असता, तर त्याच शेवटाला तितके रुमाल बाहेर निघाले असते का?

आणि या निवाड्याची किंमत फक्त कुरूप ठरलेले पुरुष मोजत नाहीत. एखाद्या ऑफिसात किंवा कॉलेजात मुलगी तक्रार घेऊन येते. समोरचा लाल्याच्या वळणाचा असेल, उंच, गोरा, बोलका, तर पहिला प्रश्न येतो, ‘तो कशाला असं करेल? त्याच्या मागे तर मुली लागतात.’ कागद बाजूला सरकतो. तो काळासावळा, घोगऱ्या आवाजाचा, बसक्या नाकाचा असेल, तर चौकशीआधीच कुणीतरी म्हणून मोकळा होतो, ‘तोंडावरूनच दिसतंय.’ पहिल्या खेपेला मुलगी खोटी पडते, दुसऱ्या खेपेला कदाचित निर्दोष माणूस अडकतो. तिनं नेमकं काय सांगितलं, ते दोन्ही वेळा कुणी नीट ऐकलेलं नसतं.