स्थिर दृष्टी आणि चंचल मन

मनाचे चांचल्य हा मनुष्याचा दोष मानावा की त्याच्या घडणीचा धर्म, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे अनावर असल्याची तक्रार अर्जुनाने केली, तेव्हा श्रीकृष्णांनी ती फेटाळली नाही. मान्य करूनच अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. तथापि अभ्यास पूर्णत्वास गेला म्हणजे हालचालच उरत नाही, अशी समजूत साधकांत रूढ झाली, आणि त्या अंतिम निश्चलतेचे प्रतीक म्हणून एका बिंदूवर खिळलेली दृष्टी डोळ्यांसमोर ठेवली गेली.

परंतु अशी खिळलेली दृष्टी शरीरशास्त्राच्या दप्तरी कोठेच आढळत नाही. समईच्या ज्योतीकडे आपण टक लावून पाहत असतो तेव्हाही आपले डोळे मंदपणे सरकत असतात, सूक्ष्म थरथरत असतात आणि मधूनमधून इवल्या झेपा घेत असतात. १९५२-५३ च्या सुमारास इंग्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी बुबुळावर घट्ट बसणाऱ्या भिंगाच्या साहाय्याने अशी योजना केली, की डोळा जसा हलेल तशीच समोरची आकृतीही हलावी आणि दृष्टिपटलावर तिची जागा तिळमात्र ढळू नये; तेव्हा काही सेकंदांतच ती आकृती पाहणाऱ्याच्या दृष्टीसमोरून विरून गेली. ज्या निश्चलतेला आपण दर्शनाची परिसीमा समजत होतो, ती प्रत्यक्षात अंधत्वाची सीमा निघाली.

डोळ्यांच्या या चांचल्याचे मूळ केवळ त्यांच्या स्नायूंत नाही. तोच प्रकाशबिंदू त्याच जागी वारंवार दाखवला, तरी त्याकडे झेपावण्यास डोळ्यांना कधी सेकंदाच्या सातव्या हिश्शाएवढा अवधी लागतो, कधी त्याच्या दुप्पट. हेन्स आणि शाल या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतील अग्रखंडाचा अभ्यास करून १९९६ साली असे दाखवले, की झेपेपूर्वी तेथील मज्जापेशींचे स्फुरण चढत जाऊन जवळजवळ ठरलेल्या एकाच उंबरठ्यापाशी पोहोचते, मात्र त्या चढणीचा वेग प्रत्येक खेपेस निराळा असतो. हॅरिस आणि वॉल्पर्ट यांनी १९९८ साली याला पूरक असा विचार मांडला: स्नायूंकडे जाणारा हुकूम जितका जोरकस, तितकी त्यातील अनियमितताही मोठी; म्हणून डोळ्याची गती अशी आखली जाते, की झेप संपताना चूक कमीत कमी राहावी. आणि तरीही जी चूक उरते, तिचा हिशेब लहान मेंदू ठेवतो व पुढील झेपांची दुरुस्ती त्यावरूनच करतो. मेंदूचा हा सारा बंदोबस्त अस्थैर्याचे अस्तित्व गृहीत धरूनच चाललेला आहे.

यावर आक्षेप येईल, की मग संयमाचे प्रयोजन काय? आक्षेप रास्त आहे. काही विकारांत डोळे अनावर हेलकावत राहतात आणि समोरचे जग स्थिर दिसेनासे होते. सबब चांचल्य स्वतः गौरवास्पद नव्हे. गौरव त्याच्यावरील शासनाचा आहे, आणि शासन म्हणजे संहार नव्हे.

या विचाराला हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत एक जुना आधार आहे. परंपरेप्रमाणे नामदेवांचे जन्मस्थान नरसी येथलेच. आणि औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांना आढळले, ही कथाही येथलीच मानली जाते. जेथे लिंग नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले, आणि पाय जेथे न्यावे तेथे लिंग प्रकटले. एका मूर्तीवर स्थिरावलेली शिष्याची दृष्टी गुरूने हलविली, तेव्हाच तिला सर्वत्र पाहता आले. आज त्याच औंढ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा योजलेली आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरांच्या तिच्या दोन भुजांनाही भूमीचा कंप आणि प्रकाशाचा अंगभूत चढउतार निःशेष नाहीसा करता येणार नाही. त्यांना शक्य तितके आवरून, उरलेल्यांचे स्वरूप नीट जाणूनच तिला सत्याचा वेध घ्यावा लागेल.

मेंदूच्या अभ्यासाने ईश्वर सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही. तो एवढेच शिकवतो, की निश्चल दृष्टीचा आदर्श आपण चुकीचा कल्पिला होता. म्हणून जपाला बसल्यावर मन भरकटले, तर साधकाने स्वतःला पतित समजू नये. ते भरकटेल, त्याला परत आणावे, पुन्हा भरकटेल, पुन्हा आणावे. हे परत आणणे म्हणजे साधनेतील विघ्न नव्हे, तोच गीतेने सांगितलेला अभ्यास होय.