खांडातली एक मेंढी

बसा. पाठ टेकवली तरी चालेल. पुढचा काही वेळ आपल्याला एका मेंढीबरोबर राहायचं आहे, एका आषाढापासून पुढच्या आषाढापर्यंत. मधेच मन दुसरीकडं गेलं तर जाऊ द्या. मेंढी कुठं होती ते आठवा आणि तिच्याजवळ परत या.

आधी जागा नीट पाहून घेऊ. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, वर पारनेर. सह्याद्रीच्या पूर्वेचा, पर्जन्यछायेचा पट्टा. महाबळेश्वरला दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस इथं येईपर्यंत चार सरींवर येतो. माळावर मुरूम, त्यावर जेमतेम बोटभर माती, तीत कुसळी गवत. बांधाकडेला बोरी, हिवर, बाभळी. दख्खनी मेंढी याच जमिनीची. बहुतेक काळी, अंगानं लहान, राठ लोकरीची, दिवसभर चालणारी, वाळल्या काडीवर तगणारी.

आषाढातली सकाळ आहे. दिवस चांगला वर आलाय, तरी मेंढ्या अजून वाघरीच्या जाळीआतच आहेत. जाळीला नाकं लावून ओरडतायत. मेंढपाळ मात्र काठीवर हनुवटी टेकून उभा आहे. गवतावरचं दव वाळायची तो वाट पाहतोय. पात्यावर ओल असेपर्यंत जंतांच्या बारीक अळ्या शेंड्याकडं चढलेल्या असतात आणि लवकर सुटलेली भुकेली मेंढी गवताबरोबर त्याही गिळते. म्हणून हे थांबणंसुद्धा काम आहे. आपणही त्याच्याशेजारी उभं राहू. चार श्वास घ्या. दव वाळू द्या.

आता शंभरेक मेंढ्यांच्या या खांडातली, म्हणजे कळपातली, एक निवडा. हवं तर मी सांगतो ती घ्या. काळी, कपाळावर पांढरा टिपका, डावा कान टोकाशी फाटलेला. तिचा खालचा ओठ अंगठ्यानं हलकेच खाली करून पाहा. पुढं सहा मोठे दात दिसतील, म्हणजे वय तीन वर्षांच्या आसपास. वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, तिथं कडक हिरडी असते. त्या हिरडीवर पातं दाबायचं आणि मान हिसडून तोडायचं, असं तिचं चरणं. आवाज ऐका. कर्र, कर्र. एकीचा नाही, शंभर तोंडांचा.

तिला ओळखायला आपल्याला टिपका आणि फाटका कान लागला. मेंढपाळाला तो लागत नाही. संध्याकाळी मेंढरं आत येताना तो मोजत बसत नाही. नुसती नजर फिरवतो आणि कोणती आली नाही ते सांगतो, कारण प्रत्येकीचं तोंड त्याला वेगळं दिसतं. मेंढीलाही ते दिसतं. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं, की मेंढी इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवते. आपण ज्याला बिनचेहऱ्याचा कळप म्हणतो, त्याच्या आत सगळे एकमेकांना तोंडानं ओळखतात. यावर क्षणभर थांबा. तुम्ही रोज ज्या गर्दीतून जाता, तिच्यातली किती तोंडं तुम्हाला आठवतात?

कोवळा चारा पोटात गेला, अंगावर मांस धरलं, की मेंढी माजावर येते. आपली मेंढी या आषाढात फळली. मेंढपाळानं मनाशी हिशेब घातला. साधारण दीडशे दिवस, म्हणजे मार्गशीर्षाच्या आसपास विणार. आज माळ हिरवा आहे, पण त्याच्या डोळ्यांपुढं थंडीतली एक रात्र आहे. तेव्हा आपण कुठं असू, तिथं पाला असेल का, आडोसा असेल का, हे तो आत्तापासून जुळवतोय. मेंढपाळाच्या कामाचं हे मूळ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आज हातानं करायचं ते अजून न आलेल्या दिवसासाठी, आणि तो दिवस कसा येईल हे हातात नाही.

श्रावण-भाद्रपद चालण्यात जातात. पाऊस लांबला की चिलटं वाढतात आणि त्यांच्यामागून नीलजिव्हा हा रोग येतो. मेंढीला ताप चढतो, तोंड सुजतं, ती लंगडू लागते. आपली मेंढी या वर्षी त्यातून सुटली.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला माळावरचं गवत संपत येतं आणि वाडे हलतात. वाडा म्हणजे पाच-सात बिऱ्हाडं, त्यांची खांडं, घोडी, कुत्री, कोंबड्या. कुणी मावळात जातं, कुणी घाट उतरून रायगडकडं. तिथं भातं निघालेली असतात, खाचरं रिकामी असतात. पुरुष मेंढरं घेऊन रानानं निघतात आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाटेनं पुढच्या तळावर पोहोचतात. तीन दगडांची चूल, पाणी, बाजार, आजारी कोकरांचं औषधपाणी हे सगळं बायांकडं. मेंढपाळ म्हटलं की आपल्या मनात पटका बांधलेला पुरुष येतो. या मननात तरी बाईला त्याच्या बरोबरीनं उभं करा, कारण पुढचं सगळ्यात नाजूक काम तिच्या हातचं आहे.

वाटेत शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर खांड त्या शेतात बसतं, लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, सकाळी वाघर उचलून शेजारच्या तुकड्यात लावतात. मोबदला धान्यात किंवा पैशांत. गावाला खत मिळतं, वाड्याला दाणे मिळतात. आणि मेंढीला? तिला एक रात्र, एक राखण. आपली मेंढी तिथं बसलीय. पोट जड झालंय. डोळे अर्धे मिटून ती रवंथ करतेय. घास गळ्यातून वर येतो, जबडा आडवा फिरतो, घास पुन्हा खाली जातो, थोडी उसंत, मग दुसरा. तुमचा श्वास त्या लयीत आपोआप येतो का, ते पाहा. ओढूनताणून आणू नका.

मार्गशीर्ष. ती व्यायली. पहाटे, चालत्या तळावर, उघड्या वावरात.

इथं सगळ्यात जास्त वेळ राहू. कोकरू ओलं आहे, वाफ निघतेय. अडीच-तीन किलोंचा जीव. आई त्याला चाटते, आणि चाटता चाटता त्याचा वास तिच्यात पक्का बसतो. पहिल्या दोन-चार तासांत हा वास बसला की तेच कोकरू तिचं. मग दुसरं थानाला लागायला आलं तर ती डोक्यानं ढकलून देते. म्हणून या वेळी मधे कुणी लुडबुड करत नाही. बाई थोड्या अंतरावर उकिडवी बसून पाहते. कोकरू उठतं, पडतं, पुन्हा उठतं, चुकून पुढच्या पायांत तोंड खुपसतं. तेव्हा कुठं ती पुढं होते. थान दोन बोटांनी दाबून सड मोकळा करते, पहिली धार जमिनीवर सोडते आणि कोकराचं तोंड तिथं नेते. चीक पोटात गेला पाहिजे, तोही लवकर. नव्या कोकराच्या अंगात ऊब टिकवणारी चरबी काही तासांपुरतीच असते. त्यानंतरची ऊब चिकातून येते, आणि रोगाशी झगडायचं बळही. शेपूट तुरुतुरु हललं की समजायचं, दूध लागलं. बाईचा हात अजून थानाखाली आहे. तो तिथंच असू द्या. आपणही उठायचं नाही.

पुढचे दिवस कोकरू तळावर डाल्याखाली राहतं आणि आई चरायला जाते. संध्याकाळी खांड परत आलं की डाली उचलतात. मग जो कल्लोळ होतो, त्यात पन्नास आया आणि पन्नास कोकरं एकमेकांना आवाजानं हाका मारतात आणि वासानं खात्री करून घेतात. जिची चुकामूक झाली, तिचं कोकरू बाई तंगडी धरून नेमकं तिच्यापाशी नेऊन सोडते. सगळ्याच मेंढ्या एकेकच कोकरू देतात असं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. एका वेताला दोन कोकरं ही मोठी कमाई आहे, यात शंका नाही. पण दोन कोकरं म्हणजे आईला जास्तीचा चारा आणि त्या बाईला जास्तीचं जागरण, हेही ध्यानात असू द्यावं.

आता अवघड रात्र. डिसेंबर 2021 चे पहिले दोन दिवस. ऐन थंडीत अवकाळी पाऊस आला, वारा सुटला, आणि जुन्नर, आंबेगाव, पारनेर या भागांत उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या गारठून दगावल्या. लोकर कोरडी असेपर्यंत तिच्या आत हवा धरलेली असते, ऊब राहते. आरपार भिजली की तीच लोकर अंगावर गार ओझं होते. वर छप्पर नाही, खाली चिखल, आणि नुकतीच व्यालेली जनावरं. दव वाळायची वाट पाहणारा, लस चुकू न देणारा, पाच महिने पुढचं जुळवणारा माणूस त्या रात्री होता तसाच होता. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आपली मेंढी तिथं होती असं समजा. बाईनं ताडपत्रीखाली आधी पोरं घेतली, मग कोकरं. आपल्या मेंढीचं कोकरू चार दिवसांचं होतं, कोरडं राहिलं, जगलं. तिच्या शेजारी बसणारी म्हातारी मेंढी सकाळी उठली नाही. या दोन गोष्टींमधून काही अर्थ काढायची घाई करू नका. तुम्हीही कुणाची तरी राखण करत असाल. लेकराची, आजारी माणसाची, एखाद्या झाडाची. जिची हमी नाही अशी राखण. ते नाव मनात येऊ द्या. त्याच्याशेजारी बसा, त्या बाईसारखं, हात तयार ठेवून.

फाल्गुनात कातरणी. मेंढी आडवी पाडून, पाय बांधून, हातकातरीनं लोकर उतरवतात. पूर्वी याच लोकरीचं सूत निघायचं, चिंचोक्याच्या खळीत बुडायचं आणि सनगर विणकरांच्या खड्डामागावर घोंगडी व्हायची. पावसात अंगावर, रात्री अंगाखाली, देवाच्या जागरणात बसायला. आज दख्खनी लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. कित्येक ठिकाणी ती रानातच पडून राहते. मला याचं फार वाईट वाटतं. जनावर देतंय, माणसाला घ्यायला सवड नाही.

आणि मग बाजार. कोकरू नर होतं. चार-पाच महिन्यांचं झाल्यावर ते लोणंदच्या बाजारात गेलं, कसायाला. वाड्याचं वर्ष याच पैशांवर चालतं: पोरांची शाळा, घोडीचं खोगीर, दवाखाना, उधारी. ज्या घरच्या हातानं सड मोकळा केला त्याच घरानं दोर दुसऱ्याच्या हातात दिला. इथून पळू नका. त्या बाईची माया खोटी नव्हती आणि विक्रीही खोटी नव्हती. तिला दोन्ही एकाच अंगणात ठेवावं लागतं. मटण खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, दोघांनीही हे तिच्याकडून शांतपणे ऐकून घ्यावं. त्या संध्याकाळी आपली मेंढी डाल्यांपाशी गेली, एकेकाला हुंगत राहिली, ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशीही ओरडली. मग खांड निघालं तशी निघाली.

वैशाखात घाटाकडून परतीची वाट. दुपारी सावली नसली की मेंढ्या घोळका करतात आणि जी ती आपलं डोकं दुसरीच्या पोटाखाली घालते. शंभर मेंढ्यांनी एकमेकींच्या अंगाची सावली केलेली असते. वाटेतली जुनी कुरणं कुठं चर खणून बंद, कुठं ऊस, कुठं प्लॉट. झाडं लावायची म्हणून कुरण बंद करताना, तिथं पिढ्यान्‌पिढ्या चारणाऱ्याला आधी विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कुरण बंद होऊन पाणवठ्याचा वळसा वाढला की दिवस वाढतो, आणि गाभण जनावराला तो वळसा पायांनी भरावा लागतो.

मृगाआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतात. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत हावरेपणानं खाल्लं की पोटातले जंतू अचानक वाढतात, विष सोडतात आणि धडधाकट दिसणारं मेंढरू काही तासांत आडवं होतं. म्हणून गवत उगवण्याच्या आधीच त्याचा बंदोबस्त. आषाढ आला. आपल्या मेंढीचा ओठ पुन्हा खाली करून पाहा. सातवा-आठवा दात हिरडीतून वर येतोय.

डोळे मिटले असतील तर आता उघडा. दिवाळीनंतर पुणे-सातारा रस्त्यावर किंवा एखाद्या घाटात मेंढरं आडवी येतील तेव्हा हॉर्न वाजवू नका, गाडी बंद करा. हॉर्ननं खांड मधोमध फुटतं, आणि मागं राहिलेल्यांत लहान कोकरांच्या आया असतात. तुमचं शेत असेल आणि ते रिकामं असेल, तर खाली उतरून त्या बाईला विचारा, “मावशी, आमच्या वावरात बसवाल का?” भाव काय, किती रात्री, पाणी कुठून, हे तिथंच बोलून घ्या. ठरेल तेवढं सकाळी वाघर उचलायच्या आधी द्या. त्यांना पुढचा तळ गाठायचा असतो.