पराभव कोणाचा?

खेळात हारजीत ही चालावयाचीच, हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कानावर पडले तरी मन तिकडे जात नाही; आणि जो नुकताच हरला आहे त्याचे तर मुळीच जात नाही. बक्षीस-समारंभाचे अध्यक्ष ते वाक्य म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवितात, आणि हरलेली मुले मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या सोडीत बसलेली असतात. त्या घटकेस त्यांना कोणाचे शब्द खरोखर ऐकू येत असतील तर ते एकाच माणसाचे, म्हणजे त्यांना शिकविणाऱ्याचे. तो माणूस त्या वेळी काय बोलतो, ह्या प्रश्नाकडे आम्ही आजवर क्रीडाशिक्षकांचा खासगी प्रश्न म्हणून पाहत होतो. तो तसा नाही. जो जो म्हणून दुसऱ्यास काही शिकवितो त्या सर्वांचा तो आहे, असे आता आम्हांस वाटू लागले आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉलचा संघ उपांत्य सामन्यात एका गोलाने हरला. तो गोलही अगदी अखेरीस, कॉर्नरवरून झाला. आमचे क्रीडाशिक्षक हे आमचे जुने स्नेही. माणूस अत्यंत प्रामाणिक, थंडीवाऱ्यात पहाटे पाचाला मैदानावर हजर, आणि गरीब मुलांच्या दुधाकेळ्यांचा खर्च गाजावाजा न करता स्वतःच्या खिशातून करणारा. सामना संपल्यावर ते मुलांकडे गेले आणि एवढेच बोलले, "वीस वर्षांची माझी अब्रू तुम्ही आज घालविलीत." ह्यापलीकडे त्यांनी अक्षर उच्चारले नाही. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. कर्णधार खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो झोपला नव्हता, हे आम्हांस दिसत होते.

योगायोग असा की, चारच दिवसांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्हांस नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली ह्या नर्मदाकाठच्या गावी जावयाचे होते. क्रीडाशिक्षक बरोबर होते, आणि तो कर्णधारही स्वयंसेवकांत होता. मोलगीपर्यंत मोटार, पुढे सातपुड्याची डोंगरवाट आणि शेवटचा टप्पा जलाशयावरून यांत्रिक नावेने, असा तो प्रवास. वाटेत आणि रात्री शेकोटीपाशी आमचा त्यांच्याशी जो वाद झाला, त्यातून हा लेख निघाला आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "तुम्ही पुस्तकी माणसे. मी वीस वर्षे पाहतो आहे. शाबासकी दिली की पुढच्या सामन्यात पोरे घसरतात. खडसावले की सुधारतात. अनुभव खोटा कसा असेल?"

अनुभव खोटा नव्हता. त्यावरून काढलेले अनुमान मात्र खोटे होते. २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्या डॅनियल कानेमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची एक हकीकत लिहून ठेविली आहे. इस्रायलच्या हवाई दलातील वैमानिक-शिक्षकांपुढे ते शाबासकीचे गुण सांगत होते. तेव्हा एक अनुभवी शिक्षक उठून नेमके आमच्या स्नेह्यांचेच बोलणे बोलला: उत्तम कसरतीची स्तुती केली की पुढची बिघडते, वाईट कसरतीवर ओरडले की पुढची सुधारते. कानेमन ह्यांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकास पाठमोरे उभे राहून तिच्यावर दोन वेळा नाणे फेकावयास लाविले. पहिल्या फेकीत ज्यांचे नाणे खुणेच्या अगदी जवळ पडले होते, त्यांपैकी बहुतेकांचे दुसरे दूर पडले; ज्यांचे फार दूर पडले होते, त्यांचे दुसरे जवळ आले. नाण्यांना कोणी शाबासकी दिली नव्हती, की कोणी शिवी दिली नव्हती. अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट कामगिरीत दैवाचा काही वाटा असतोच; तो वाटा पुढच्या खेपेस तसाच पदरात पडत नाही, आणि माणूस आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो. आईबापांच्या व मुलांच्या उंचीची मोजमापे ताडून पाहताना फ्रान्सिस गॉल्टन ह्यांना १८८६ च्या सुमारास हाच नियम आढळला होता. म्हणजे हरल्यानंतर संघ जो सुधारतो, त्यातील बराच भाग न ओरडताही सुधारला असता. पण ओरडणाऱ्यास प्रत्येक वेळी फळ मिळाल्याचा भास होतो, आणि स्तुती करणाऱ्यास प्रत्येक वेळी शिक्षा झाल्याचा. कठोरपणाची सवय इतकी चिवट का असते, ह्याचा उलगडा आम्हांस ह्याहून चांगला कोठे सापडलेला नाही.

आमच्या स्नेह्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरे, ओरडून फायदा नाही असे धरून चालू. पण मला वाईट वाटले ते तरी खरे की नाही?"

येथे वाद खऱ्या ठिकाणी आला. त्यांचे दुःख खरे होते. परंतु ते कशाचे? मुलांचा खेळ फसला ह्याचे, की आपले नाव खाली गेले ह्याचे? आमच्या परंपरेत ह्याचे एक जुने उदाहरण आहे. द्रोणाचार्यांनी राजपुत्रांस अस्त्रविद्या शिकविली, आणि विद्या संपताच दक्षिणा मागितली ती द्रुपदास बांधून आणण्याची. कौरव उतावीळपणे आधी धावून गेले आणि मार खाऊन परतले. मग अर्जुनाने तो पराक्रम केला. कौरवांच्या त्या पराभवात काय चुकले, हे द्रोणांनी त्यांस कधी समजावून सांगितले असेल काय? आम्हांस शंका आहे. त्यांचे लक्ष द्रुपदावर होते. शिष्य हे त्या जुन्या अपमानाचे उट्टे काढण्याचे साधन होते. अर्जुनासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही असे आपण बोलून बसलो आहोत, म्हणून एकलव्याचा आंगठा मागणारे द्रोण हेच. इतक्या मोठ्या आचार्यांच्या विद्येत उणे काही नव्हते. उणे होते ते एवढेच की, शिष्याच्या जयापजयाच्या वहीत त्यांनी स्वतःचे खाते उघडले होते. सातपुड्यातील भिल्लांच्या वस्तीत बसून हे बोलताना एकलव्याचे नाव घेण्यास आम्हांस थोडा संकोच वाटला, हे येथे सांगून टाकतो.

ह्याच्या उलट एक उदाहरण आमच्याच महाराष्ट्रात, तेही एका महाविद्यालयात घडलेले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्याने उतरले, कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. हाडापेराने लहान, चपळ, आणि तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल. तेथे मात्र कुस्ती गादीवर; गादीवर पाय वेगळा रुततो, पकड वेगळी निसटते, आणि प्रतिस्पर्धी चितपट झाला नाही तर पंचांच्या कौलावर निकाल लागतो. रीस गार्डनर ह्या अमेरिकन मल्लाने त्यांस गादीवरील कुस्तीचे काही पाठ दिले, आणि ते सहावे आले.

सहावा क्रमांक म्हणजे काय? वर्तमानपत्राच्या दृष्टीने काही नाही. परंतु जाणत्या शिक्षकाच्या दृष्टीने त्यात एक नेमकी बातमी होती: बळ कमी पडले नाही, परिचय कमी पडला. ही दोन निदाने वरवर सारखी दिसतात, आणि त्यांवरील उपाय अगदी भिन्न आहेत. 'तू कमी पडलास' असे ऐकणारा मुलगा पुढे काय करणार? तो स्वतःच बदलल्याखेरीज त्यास गत्यंतर उरत नाही, आणि माणसास चार वर्षांत दुसरा माणूस होता येत नाही. 'गादीवर तुझा पाय बसत नाही' असे ऐकणाऱ्यास मात्र उद्या सकाळी उठून करण्यासारखे काम मिळते. खाशाबांनी पुढली चार वर्षे ते काम केले.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ह्या गोष्टीतील त्याग सर्वांच्या ध्यानात येतो; आम्हांस त्यातील क्रम अधिक विचार करण्याजोगा वाटतो. घर गहाण पडले ते पदकाच्या आधी. ज्याच्या नावावर त्या वेळी एक सहावा क्रमांक होता अशा मुलासाठी ते पडले. खाशाबा रिकाम्या हाताने परतते, तर खर्डेकर म्हणू शकले असते की, तू माझे घर घालविलेस; आणि अब्रूपेक्षा घराचा हिशेब पुष्कळच रोकडा असतो. तसे ते म्हणाले असते असे आम्हांस वाटत नाही, कारण असे म्हणणारा माणूस मुळात घर गहाण ठेवीत नाही. तो आधी पदक पाहतो आणि मग सत्कार करतो.

हेलसिंकीस काय झाले ते पुष्कळांस ठाऊक आहे. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस खाशाबांनी हरविले. जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी झालेल्या दीर्घ झुंजीत ते हरले. मध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावयास बोलावले गेले, आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय संघाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता, असे सांगतात. तीही कुस्ती ते हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून जे पैसे मिळविले त्यांतून प्राचार्यांचे घर सोडविले. ह्या दुसऱ्या पराभवात मल्लाचा दोष शोधू म्हटले तर सापडणे कठीण. येथे हरले ते त्याच्या मागे उभे राहावयास हवे होते ते लोक. सर्वच पराभव खेळाडूचे नसतात, हे ओळखणे हाही शिक्षकाच्या विद्येचाच भाग आहे. कारण जो दोष विद्यार्थ्याचा नाही तो त्याच्या गळ्यात बांधणे, आणि जो आहे तो दैवावर ढकलणे, ह्या दोन्ही लबाड्या सारख्याच सोप्या आहेत.

येथवर आमचे विवेचन ठीक चालले होते. दुसऱ्या दिवशी नावेत बसलो असता ते अडखळले.

नावाड्याने मध्येच यंत्र मंद केले आणि पाण्याकडे हात दाखविला. जुने शूलपाणेश्वराचे देऊळ त्या अंगास होते. ही घरे, ती शेते, तो उतार. पाहावयास पाण्यावाचून काही नव्हते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जे पहिले गाव आले ते मणिबेली. १९९१ पासूनच्या पावसाळ्यांत येथे सत्याग्रह झाले. पाणी चढत असता माणसे घरांत बसून राहिली. मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ साली आला, १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात येथील घरे गेली. १९९४ साली ४४ देशांतील ३२६ संस्थांनी बँकेच्या मोठ्या धरणांना विरोध करणारे जे पत्रक काढले त्यास ह्या गावाचे नाव आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास वाट करून दिली, आणि २०१७ साली १३८.६८ मीटर उंचीचे पुरे धरण राष्ट्रास अर्पण झाले. काही कुटुंबे गुजरातेत वसविण्यात आली. काही डोंगराच्या वरच्या अंगास सरकून येथेच राहिली.

हे जिंकले की हरले, हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु पराभवातून शिकावे, ही आमची शेकोटीपाशीची गोष्ट ह्या नावाड्यापुढे उच्चारण्याची आमची छाती झाली नाही. खेळातील पराभव शिकवू शकतो, कारण दुसऱ्या दिवशी मैदान जागेवर असते, रेषा पुन्हा आखता येतात, आणि हरलेल्यास जिंकलेल्याइतकेच खेळाडू घेऊन उतरता येते. जेथे मैदानच पाण्याखाली गेले तेथे 'काय शिकलात?' हे विचारणे उद्धटपणाचे आहे. आम्ही मध्यमवर्गीय लोक खेळातील उपमा आयुष्यास फार सढळ हाताने लावतो. नोकरी गेलेल्यास, घर गेलेल्यास, पीक गेलेल्यास आम्ही खिलाडूपणा सांगतो. बहुधा आमचे स्वतःचे मैदान कोरडे असते म्हणून.

तरीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. कोणाचे शेत कितव्या मीटरला बुडाले, कोणास जमीन मिळाली आणि कोणास नाही, हा हिशेब ह्या लोकांनी वर्षानुवर्षे सोडला नाही. आपली अब्रू गेली असे त्यांच्यापैकी कोणी आम्हांस म्हणाले नाही. आपली जमीन गेली, असे म्हणाले.

संध्याकाळी जीवनशाळेची मुले चेंडू खेळत होती. आंदोलनाने १९९० नंतरच्या दशकात नर्मदाकाठी ज्या शाळा काढल्या त्यांपैकी ही एक. सपाट जागा बेताचीच. चेंडू जरा जोराने गेला की उतारावरून थेट पाण्याच्या कडेस. ज्याच्या पायाने तो गेला त्याने धावत जाऊन आणावयाचा, असा त्यांचा नियम दिसला. तोवर बाकीची मुले बसून घेत, हसत, एकमेकांच्या पायांतील काटे काढीत. वर आलेल्यास कोणी काही बोलत नसे, आणि खेळ पुढे सुरू होई. आमचा कर्णधार त्यांच्यात शिरला होता, आणि उतारावरून चेंडू आणण्याची पाळी त्याच्यावर बरीच आली. क्रीडाशिक्षक एका दगडावर बसून पाहत होते.

परतताना नावेत ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग कर्णधारास जवळ बोलावून म्हणाले, "अरे, तो कॉर्नर आला तेव्हा तू कोठे उभा होतास?"

"जवळच्या खांबाशी, सर. तुम्हीच मध्यंतरात सांगितले होते."

"मी सांगितले होते?"

"हो, सर."

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले. मग खिशातून पेन्सिल काढली, शिबिराच्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर गोलासमोरचा चौकोन काढला, आणि नाव हलत असल्यामुळे दोघांनी तो कागद चारी कोपऱ्यांना धरून ठेविला.