ॲक्टियमचे सात दिवस

धन्याने टाकून दिलेल्या सेवकाने निष्ठा कोठवर पाळावी? हा प्रश्न आम्हांस रोमचा इतिहास वाचताना पडला.

इ. स. पूर्व ३१ मध्ये, सप्टेंबरच्या २ तारखेस, ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲक्टियम येथे रोमन यादवीचा निकाल लागला. एका बाजूस ऑक्टेव्हियन व त्याचा कुशल नौसेनापती अग्रिपा. दुसऱ्या बाजूस अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा. लढाई ऐन भरात असता राणीची ६० गलबते शिडे उभारून मधूनच निघून गेली, व अँटनी एका जहाजातून तिच्यामागे गेला. पुढे ३ दिवस तो जहाजाच्या पुढच्या टोकाशी डोके धरून मुकाट बसला होता, असे प्लुटार्क सांगतो.

या कथेतून स्त्रीमोहाचा धडा काढण्याची वाट फार मळलेली आहे. प्लुटार्कने हे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिले, आणि तोवर जेत्यांची हकीकतच रूढ झाली होती. झुंजीला निघताना लढाऊ गलबते शिडे मागे ठेवीत. अँटनीने ती आग्रहाने बरोबर घेवविली. अग्रिपाने रसद तोडलेली, छावणीत रोगराई. तेव्हा कोंडी फोडून निसटण्याचा बेत आधीच ठरला असावा, असे अनेक इतिहासकार मानतात. मग अँटनीचा दोष कमी झाला काय? आमच्या मते तो वाढला. शिडे कशाला, तर पळता शत्रू सुटू नये म्हणून, असे त्याने आपल्याच माणसांना सांगितले होते! मोह अर्जुनासही झाला. पण त्याने धनुष्य टाकले ते शस्त्रे चालू लागण्यापूर्वी, दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून.

किनाऱ्यावर अँटनीच्या १९ पलटणी व १२,००० घोडदळ अभंग उभे होते. व्रणांनी अंग भरलेल्या एका जुन्या शिपायाने त्याला आधीच विनविले होते, की लाकडांवर भरवसा ठेवू नका, आम्हांस जमिनीवर लढू द्या. धनी गेला, यावर या लोकांचा विश्वासच बसेना. तो कोठून तरी परत येईल म्हणून ७ दिवस त्यांनी ऑक्टेव्हियनच्या निरोपांस दाद दिली नाही. मग त्यांचा सेनापती कॅनिडियस हाही एका रात्री छावणी सोडून पळाला, तेव्हा ते शत्रूस मिळाले. त्यांना फितूर म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

कॅनिडियस पुढे अँटनीकडे पोहोचला. फौज गेल्याची बातमी त्यानेच धन्यास सांगितली.