हेराचे धनी

वॉशिंग्टन येथे हेरगिरीच्या इतिहासाचे एक संग्रहालय २००२ साली उघडले. २०१९ पासून ते नव्या वास्तूत आहे. तेथे प्रेक्षकाला आरंभीच टोपणनाव आणि खोटी ओळख मिळते. ती ध्यानात ठेवून पुढची कोडी सोडवावयाची. लहानांइतकेच थोरही त्यात रमतात. खोटे बोलण्याची किंमत खेळात कोणालाच मोजावी लागत नाही.

कौटिल्याला ती किंमत ठाऊक होती. शिष्य, गृहस्थ, व्यापारी, तापस, भिक्षुकी अशी हेरांची रूपे तो सांगतो. तिघांचे सांगणे जुळले तरच विश्वास ठेवावा म्हणतो. आणि तितक्याच थंडपणे सुचवितो की, दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या हेराची बायकामुले आपल्या ताब्यात ठेवावीत. राज्यहितासाठी असत्य क्षम्य मानणारेही येथे अडखळतात.

बहिर्जी नाईकांचे नाव आपण आदराने घेतो. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी ते निगडित आहे. ते स्वराज्याचे हेर होते म्हणून आदरणीय, हे खरे. पण मोगलांचा हरकाराही आपल्या धन्याचेच काम करीत होता. कार्य थोर म्हणून साधन शुद्ध ठरते काय?

आपणा इंदूरकरांना जवळचे उदाहरण विकर्सचे. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत तो यशवंतराव होळकरांच्या पलटणी घेऊन लढला. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताना, त्यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून यशवंतरावांनी त्याचा आणि आणखी दोघा गोऱ्या अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करविला. उलट, लेकच्या छावणीतून कोणी होळकरांना गुप्त पत्रे धाडली असती, तर आपण त्याला एकनिष्ठ म्हटले असते आणि इंग्रजांनी त्याला फासावर चढविले असते. कृत्य एकच, नाव मात्र पत्र कोणाच्या हाती पडले यावरून ठरते.

म्हणून मला हेरापेक्षा त्याच्या धन्याचा न्याय करावासा वाटतो. हेराचे असत्य एक वेळ क्षम्य मानू. पण तो पकडला गेल्यावर 'हा आमचा नव्हे' म्हणणे, ही जी राज्यांची जुनी रीत, ती क्षम्य कशी मानावी? (सरकारी नोकरीत 'गोपनीय' शिक्क्याचे कागद पुष्कळ पाहिले. त्याखाली राज्याच्या हितापेक्षा कोणाची तरी सोयच अधिक वेळा झाकलेली असे.) बहिर्जींची म्हणून एक समाधी सांगली जिल्ह्यात बानूरगडावर निदान दाखविली जाते. ज्यांना धन्याने ओळखच दिली नाही, त्यांच्या बायकामुलांचे पुढे काय झाले, हे कोणत्या दफ्तरात शोधावे?