ताटातला मासा आणि पंगतीतला माणूस

‘आठवड्यातून दोनदा मासे खा, नैराश्य फिरकणार नाही’ हा सल्ला आता मोबाइलवरच्या आरोग्यसंदेशांतून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतही पोचला आहे. ज्यांना मासळी मिळत नाही त्यांच्यासाठी माशाच्या तेलाची कॅप्सूल आहेच. लातूर जिल्ह्यातल्या भूकंपग्रस्त किल्लारीसारख्या गावाला हा सल्ला देणे मला नुसते अपुरे नव्हे, तर चुकीचे वाटते. मनाचे दुखणे माशातल्या ओमेगा-३ या एका मेदाम्लाच्या कमतरतेत बसवले की भोवतालच्या सगळ्यांची जबाबदारी संपते.

मासे खाल्ल्याने नैराश्य टळते, या मताला १९९८ साली मोठे बळ मिळाले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ हिबेल्न यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नऊ देशांची तुलना मांडली: जिथे दरडोई मासे जास्त, तिथे नैराश्य कमी. एका टोकाला जपान, दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड. आलेख देखणा होता, आणि पटकन पटणाराही. पण देशाच्या सरासरीवरून एका माणसाच्या मनाविषयी काहीच ठरत नाही. शिवाय त्याच १९९८ मध्ये जपानमधल्या आत्महत्यांनी वर्षाला ३० हजारांचा आकडा ओलांडला आणि सलग चौदा वर्षे तो त्याखाली आला नाही. एका वर्षात जपानी ताटातून मासे गेले नव्हते. मंदीत नोकऱ्या गेल्या होत्या. आत्महत्या आणि नैराश्य एक नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. मान्य. पण मग मासा ज्या दुःखाला हात लावू शकत नाही, ते दुःख केवढे मोठे आहे, हेही मान्य करावे लागेल.

आलेख बाजूला ठेवून प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ जणांपैकी काहींना रोज एक ग्रॅम ओमेगा-३, काहींना नुसती दिखाऊ गोळी, असे सुमारे पाच वर्षे दिले गेले. निष्कर्ष २०२१ मध्ये आले: नैराश्य टळले नाही; उलट तेल घेणाऱ्यांत ते किंचित जास्तच आढळले. आधीच नैराश्याचे निदान झालेल्या काही रुग्णांना औषधांच्या जोडीने या तेलाचा थोडा उपयोग होतो असे दाखवणारे अभ्यास आहेत, आणि ते मी नाकारत नाही. मात्र रुग्णाला डॉक्टरने दिलेली जोड वेगळी आणि अख्ख्या गावाला सांगितलेला उतारा वेगळा.

मासे आणि मन यांविषयीच्या बाकीच्या मतांवर फार थांबायला नको. काचेच्या टाकीतले मासे पाहून जीव शांत होतो, तो तेवढ्यापुरता होतही असेल.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट इथे कोणाला सांगावी लागत नाही. इथल्या जेवणात जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि जवसात वनस्पतिजन्य ओमेगा-३ भरपूर असते. शरीर त्यातले फारच थोडे माशातल्या प्रकारात बदलते, हे खरे. पण गावोगावी माळकरी घरे आहेत, जिथे मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या घरांनी तो धक्का कसा सोसला, हे मेदाम्लाच्या हिशेबात कुठे मांडायचे?

भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आखीव प्लॉट, रुंद रस्ते, सुटी घरे. जुन्या माळवदांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी माणसे गाडली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला हळहळ नाही. मात्र भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण रस्त्यापलीकडे गेली, आणि तिची विचारपूस कमी झाली. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखे मानसोपचारतज्ज्ञ तेव्हा या भागात येऊन काम करत होते. ते काम प्रकल्पापुरते न राहता कायमचे व्हायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

माझा मुद्दा एवढ्या एका भेदावर येऊन ठेपतो: ताटात काय आहे आणि पंगतीला कोण आहे. तेरणेवरच्या माकणी धरणात रोहू, कटला सापडतो. त्यात समुद्रातल्या तारली-बांगड्याइतके ते मेदाम्ल नसते. पण चार-पाच किलोचा कटला एका घरात संपत नाही, उद्यावर टिकत नाही. त्याचे वाटे पडतात, कोणाच्या तरी घरी निरोप जातो, कालवण एका चुलीवर होऊन दोन घरांत पोचते. माळकऱ्यांकडे हेच काम भंडाऱ्याच्या पंगतीत होते. माशाचे जे श्रेय आपण तेलाला देतो, त्यातले बरेचसे या वाट्यांचे असावे. हे मोजून दाखवणे कठीण आहे, तरी माझा त्यावर विश्वास आहे.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात झोप लागत नाही, जीव घाबरतो म्हणून येणाऱ्या माणसाला आहार विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: रात्रीचं जेवण कोणाबरोबर होतं? उत्तर ‘एकटाच’ असेल तर ते रक्तदाबाच्या आकड्याशेजारी केसपेपरवर लिहावे, आणि आशाताईंनी त्या आठवड्यात त्या घरी जावे.